भागवत के. आणि सोहोनी के.



कुठल्याही बऱ्या मराठी ग्रंथालयात जा आणि 'भागवत, दुर्गा' असं नाव सांगा. ग्रंथपाल तुम्हाला एका कपाटापाशी नेऊन उभं करतील. 'ऋतुचक्र' तिथे, 'व्यासपर्व' तिथे, 'पैस' तिथे, लोकसाहित्यावरचं लिखाणही तिथेच. दुर्गाबाईंनी लग्न केलं नाही, नाव बदललं नाही. पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत सगळा संसार एका नावाखाली.

आता त्यांच्या धाकट्या बहिणीचं काम शोधायला जा. या बहिणीनं शोधनिबंध लिहिले. ते ग्रंथालयाच्या एका कपाटात सापडत नाहीत. काही एका नावाखाली आहेत, काही दुसऱ्या. काही तिच्या नावाखाली दिसतच नाहीत, कारण यादी करणाऱ्यानं फक्त पहिलं नाव घेतलं आणि तिचं नाव दुसरं होतं. ही बहीण म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. मराठी माणसाला त्यांची एक गोष्ट पाठ असते, सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला ती. ती मी सांगणार आहे, पण थोडक्यात. आज मला बोलायचं आहे ते त्यांच्या निबंधांच्या यादीवर. त्यांनी काय छापलं, कोणत्या नावानं छापलं आणि पुढच्यांनी ते कसं मोजलं, यावर.

मी शास्त्रज्ञ नाही. साधा पदवीधर, आयुष्य फौजेत गेलं, आता म्हैसूरला स्थायिक आहे. शेजारी एक निवृत्त कन्नड गृहस्थ आहेत, त्यांची नोकरी प्रयोगशाळेत झाली. रसायनशास्त्र मला समजतं ते त्यांच्या ओसरीवरच्या कॉफीइतकंच. पण याद्या मला कळतात. नॉमिनल रोल, सर्व्हिस रेकॉर्ड, पार्ट टू ऑर्डर, यांत माणसाचं आयुष्य कसं मावतं आणि कसं मावत नाही, हे मी तीस वर्षांहून जास्त पाहिलं आहे.

आधी ती पाठ असलेली गोष्ट. कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या पहिल्या काही पदवीधरांपैकी. ही संस्था १९०९ सालची, म्हैसूर संस्थाननं दिलेल्या ३७१ एकर जागेवर उभी राहिलेली. आजचं तिचं नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. उत्तम गुणांनी झाल्यावर १९३३ साली कमलाबाईंनी तिथे अर्ज केला. रामन नुकतेच संचालक झाले होते. मुलींना घेत नाही, असं उत्तर आलं. कमलाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, कारण विचारलं आणि कारण मिळेपर्यंत हटायचं नाही, असा गांधीमार्ग धरला. शेवटी वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. काम रामन यांना पसंत पडलं तरच ते मान्य होणार होतं.

ते पसंत पडलं. आणि इथून यादी सुरू होते.

गुरू लाभले एम. श्रीनिवासय्या. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळींमधली प्रथिनं अभ्यासली. १९३६ साली केंब्रिजच्या 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये दोघांच्या नावानं निबंध आला. विषय कडधान्यांतला प्रथिनेतर नायट्रोजन. वय पंचवीस, संस्था म्हैसूर राज्यातली, नियतकालिक जगातल्या अव्वल नियतकालिकांपैकी. इंग्रजीत नाव छापलं आहे 'भागवत', पण ते 'डब्ल्यू'नं नव्हे, 'व्ही'नं. हे लक्षात ठेवा. आज वर्तमानपत्रांत, लेखांत, सर्रास 'डब्ल्यू'नं लिहितात. संगणकाला हे दोन वेगळे लोक वाटतात.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. तिथे सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले तेच हे हॉपकिन्स. कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केलं, मग रॉबिन हिल यांच्याबरोबर. त्यांचा पीएच. डी.चा प्रबंध जेमतेम चाळीस टंकलिखित पानांचा होता म्हणतात. १९३९ साली पदवी मिळाली. 'विज्ञानात पीएच. डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' असं त्यांच्याबद्दल लिहितात. यावर माझी छोटीशी हरकत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळाली होती. पदवीच्या नावातल्या अक्षरांवरून कुणी वाद घालू शकेल, पण 'पहिली' म्हणताना जरा जपून. कमलाबाईंचं मोठेपण त्या एका शब्दावर उभं नाही.

ते कशावर उभं आहे, ते पाहू.

केंब्रिजच्या दोन वर्षांत त्यांच्या नावाचे जे निबंध छापून आले, त्यांतले तीन मी शेजाऱ्यांच्या मदतीनं वाचण्याचा प्रयत्न केला. १९३८चा भागवत-रिक्टर, प्राण्यांच्या शरीरातल्या फिनोलेज विकरांवर आणि अॅड्रिनलिनवर. १९३९चा भागवत-ब्लाश्को-रिक्टर, अमाइन ऑक्सिडेज या विकरावर. आणि त्याच वर्षी 'नेचर'मध्ये हिल-भागवत, फुलझाडांमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कामं उरकणारं प्रथिन, आपण ज्याला एन्झाइम म्हणतो ते.

या तिसऱ्या निबंधाबद्दल मराठीत 'सायटोक्रोम सीचा शोध लावला' असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. शीर्षक मात्र ऑक्सिडेजचं आहे. प्राण्यांच्या पेशी श्वसनासाठी जी यंत्रणा वापरतात, तीच वनस्पतींतही चालते का, हा त्यामागचा प्रश्न होता. बटाट्यासारख्या साध्या गोष्टीत त्याचं उत्तर शोधणं चाललं होतं. एवढंही पुरेसं मोठं आहे.

दुसरा निबंध मला जास्त ओढतो. अमाइन ऑक्सिडेज, आज ज्याला मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणतात, हे विकर अॅड्रिनलिन, सेरोटोनिन यांसारखी रसायनं मोडून टाकतं. १९५०च्या दशकात क्षयरोगावर इप्रोनियाझिड नावाचं औषध देत असताना डॉक्टरांना दिसलं की रुग्णांची मनःस्थिती सुधारते आहे. हे औषध याच विकराला अडवतं, असं १९५२ साली त्सेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांचा एक वर्ग तिथून निघाला. कंपवातावर आजही देतात ते सेलेजिलिन याच कुळातलं. म्हणजे १९३९ साली तिघांनी ज्या विकरावर काम केलं, ते पुढे मानसोपचाराच्या केंद्रस्थानी आलं. औषध कमलाबाईंनी शोधलं, असं मी म्हणत नाही. त्या इमारतीच्या पायाच्या दगडांत त्यांचाही एक दगड आहे, एवढंच म्हणतो.

आता एक गंमत पाहा. हे विकर मुळात शोधलं कुणी? केंब्रिजच्याच जीवरसायन विभागातल्या एका विद्यार्थिनीनं, १९२८ साली. तिचं नाव मेरी हेअर. यकृतात टायरामीन मोडणारं एक नवं विकर आहे, असं तिनं एकटीच्या नावानं 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये लिहिलं. मग तिनं फ्रेडरिक बर्नहाइम यांच्याशी लग्न केलं, अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात गेली, आणि पुढचं सगळं आयुष्य ती मेरी बर्नहाइम या नावानं लिहीत राहिली. म्हणजे शोध 'हेअर'च्या खात्यावर आणि कारकीर्द 'बर्नहाइम'च्या. एकच विभाग, एकच विकर, दहा वर्षांच्या अंतरानं दोन तरुणी, आणि दोघींची नावं लग्नानंतर बदललेली. इतिहासात असे योगायोग नेहमी घडतात असं नाही, म्हणून तो मुद्दाम सांगितला.

त्यातून केंब्रिजचा त्या वेळचा नियमही ध्यानात घ्या. स्त्रियांना तिथे पदवी मिळे ती नावापुरती. विद्यापीठाच्या पूर्ण सदस्य म्हणून त्यांना मान्यता मिळाली १९४८ साली, कमलाबाई परत येऊन नऊ वर्षं झाल्यावर.

परत आल्यावर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. कुन्नूर आमच्या म्हैसूरहून बांदीपूरचं जंगल ओलांडून, उटीवरून खाली उतरलं की येतं. शेजारीच वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज आहे, त्यामुळे फौजेतल्या बऱ्याच अधिकाऱ्यांना तो परिसर माहीत असतो. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटची इमारत सगळे बघतात. त्याच आवारात एके काळी भारतातलं पोषणविज्ञान घडत होतं, हे क्वचितच कुणी सांगतं. ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. कमलाबाईंचा १९४४ सालचा एक निबंध कुन्नूरच्या दिवसांतला, 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मधला. काही खाद्यपदार्थ आणि तेलबिया थायमिनला, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाला, निकामी कसं करतात, यावरचा. सहलेखिका देवी. नाव अजून भागवतच.

१९४७ साली त्यांचा एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला. त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या जीवरसायन विभागात रुजू झाल्या. इथून निबंधांवर नाव येतं ते 'सोहोनी के.', इंग्रजीत शेवटी 'आय-ई' लावून. बरेच सोहोनी फक्त 'आय' लावतात. घ्या, आणखी एक फाटा.

आणि गुंता इथेच संपत नाही. १९५१ साली 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये उच्च वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर सविस्तर निबंध आला. केंब्रिजचं ते जुनं काम, बारा वर्षांनी पूर्ण रूपात. लेखक भागवत आणि हिल. म्हणजे सोहोनी होऊन चार वर्षं झाल्यावर त्यांचं नाव पुन्हा भागवत म्हणून छापलं गेलं, आणि चार वर्षांनी 'नेचर'मध्येच त्या सोहोनी म्हणून आल्या. तारखेवरून नावं लावायची म्हटलं तरी रांग सरळ लागत नाही.

फौजेत आम्ही हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला. मराठा पलटणीत एका कंपनीत पाच 'पाटील एस. बी.' असायचे. हाक मारताना नंबरचे शेवटचे आकडे जोडायचे आणि काम भागायचं. जवानाचं नाव काहीही असो, नंबर मरेपर्यंत एकच. पण त्याच्या बायकोला नंबर नसतो. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदलतात. निवृत्तीनंतर मी ओळखीच्या वीरपत्नींची कागदपत्रं बघून देतो. एका बाईंचं नाव पेन्शनच्या हुकमावर तारा, आधार कार्डावर सुमन. एका कार्यालयानं त्यांना आठ महिने फिरवलं. तारा आणि सुमन एकच, हे गावातलं शेंबडं पोर सांगत होतं. कागद सांगत नव्हता.

शास्त्रज्ञांचा कागद म्हणजे संदर्भसूची. एखाद्या निबंधाचा पुढच्या किती निबंधांनी उल्लेख केला, हे मोजायची पद्धत युजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थानं सुरू केली. कल्पना त्यानं १९५५ साली 'सायन्स' नियतकालिकात मांडली. वकील लोक जुन्या निकालाचा हवाला पुढे कुठे कुठे दिला गेला याची सूची ठेवतात, त्यावरून ती सुचली. १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' छापून यायला लागला. साधन फार उपयोगी आहे, त्यात शंका नाही. पण छापील सूचीत जुना निबंध नोंदला जाई तो फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली. म्हणजे 'नेचर'चा १९३९चा निबंध हिल यांच्या खात्यावर. तिथे भागवत हे नाव शोधून सापडणार नाही. अमाइन ऑक्सिडेजचा निबंध मात्र भागवतच्या खात्यावर, कारण तिथे त्या पहिल्या. आता त्या पहिल्या का, तर काम जास्त म्हणून की इंग्रजी अक्षरानुक्रमात भागवत हे ब्लाश्को आणि रिक्टरच्या आधी येतं म्हणून? मला त्यातून काही सिद्ध करायचं नाही. पण ज्या खात्यावर एवढा हिशेब चालतो, तिथे जमा-खर्च कसा पडतो ते दिसावं म्हणून सांगितलं.

२००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एक सोपा आकडा काढला, एच-निर्देशांक. तुमचे किमान आठ निबंध प्रत्येकी किमान आठ वेळा उल्लेखले गेले असतील, तर तुमचा आकडा आठ. आता समजा, याच आठ निबंधांपैकी चार एका नावावर पडले आणि चार दुसऱ्या. दोन माणसं तयार होतात, प्रत्येकाचा आकडा चार. आणि मजा अशी, की हे चार आणि चार मिळून संगणकाला आठ करता येत नाहीत, कुणी माणसानं बसून दोन याद्या जोडल्याशिवाय. आज नेमणुका, बढत्या, संशोधनाचा पैसा, सगळीकडे हा आकडा मागतात. आमच्याकडे एसीआर होता, वर्षाचा गोपनीय अहवाल. त्यातही अन्याय व्हायचे. पण तो निदान ज्याचा त्याच्या फायलीत लागायचा.

कमलाबाईंच्या काळात हा आकडा नव्हता. त्यांची अडवणूक जुन्या पद्धतीनं झाली. मुंबईच्या संस्थेत संचालकपद त्यांच्या वाट्याला येत असताना चार वर्षं ते त्यांच्यापासून दूर ठेवलं गेलं, नंतर मिळालं. तेव्हा त्यांच्या नावावर 'नेचर'मधले दोन निबंध होते, 'बायोकेमिकल जर्नल' होतं, केंब्रिज होतं. म्हणजे यादी कमी पडली म्हणून पद अडलं नव्हतं, हे स्पष्ट आहे. याद्या नीट लावल्या की सगळे अन्याय मिटतात, असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर पाहावं.

आता 'नेचर'मधल्या त्या १९५५च्या निबंधाकडे येतो, कारण तो थेट आमच्या म्हैसूरच्या बाजारात पोहोचतो. लेखक सोहोनी आणि के. एस. अंबे. विषय वाल आणि डबल बी यांमधले ट्रिप्सिनरोधक, आणि तेही स्फटिकरूपात. वाल म्हणजे आपल्या कोकणातलं बिरडं, डाळिंब्या. कन्नडमध्ये अवरे. हिवाळ्यात इथल्या देवराज मार्केटात अवरेच्या शेंगांचे ढीग लागतात, घरोघरी बायका भिजवलेले दाणे चिमटीत धरून साल काढतात, अगदी आपल्यासारख्याच.

आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर प्रथिनं पचवतं. कच्च्या कडधान्यांत असं एक प्रथिन असतं जे या ट्रिप्सिनला जाऊन चिकटतं आणि त्याचं तोंड बंद करतं. कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही, शिजवलं की होते, हे ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ सालीच पाहिलं होतं. १९४५ साली मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला रोधक स्फटिक करून वेगळा काढला. स्फटिक करणं याला तेव्हा फार किंमत होती. पदार्थ शुद्ध असल्याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा. जे अमेरिकेतल्या रॉकफेलर संस्थेत सोयाबीनवर झालं, तेच दहा वर्षांत मुंबईच्या प्रयोगशाळेत वालावर झालं. नुसतं अनुकरण म्हणून ते सोडून देऊ नका. सोयाबीन तेव्हा आपण खात नव्हतो. आपण वाल, कुळीथ, हरभरा खात होतो, आणि त्यात काय आहे हे बघायला बाहेरचं कुणी येणार नव्हतं.

शिजवल्यानं हा रोधक बराचसा निकामी होतो. म्हणून घरच्या स्वयंपाकात त्याचा त्रास जाणवत नाही. पण फौजी माणसाला इथे लगेच उंचावरची डाळ आठवते. पंधरा हजार फुटांवर पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळतं. तासभर ठेवा, डाळ कच्चीच. प्रेशर कुकरशिवाय तिथे जेवण नाही. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत, १९६१ पासून, अशाच प्रश्नांवर काम होत आलं आहे. आणि त्याआधी, १९५० साली, चेलुवांबा वाड्यात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक व्ही. सुब्रह्मण्यन. ते आधी बंगळूरला त्याच संस्थेत जीवरसायनाचे प्राध्यापक होते, जिथून कमलाबाईंचा पहिला निबंध निघाला. पुढे याच म्हैसूरच्या संस्थेत कुळथातल्या ट्रिप्सिनरोधकांवर बरंच संशोधन झालं. एकाचा निबंध दुसऱ्याच्या संदर्भात, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. हा धागा मुंबई, बंगळूर, म्हैसूर असा फिरत राहिला.

नावानं न हरवलेलं कामही दुर्लक्षित राहू शकतं. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांचं उदाहरण यात नेहमी देतात, आणि बरोबर देतात. पटकीचा जंतू विष सोडतो आणि ते विष आतड्यावर काम करतं, हे त्यांनी १९५९ साली 'नेचर'मध्ये दाखवलं. नाव एकच, बदललेलं नाही. तरी सुरुवातीची वर्षं त्या निबंधाकडे फारसं लक्ष गेलं नाही. डे १९८५ साली वारले आणि १९८६ साली खुद्द गारफील्ड यांनी संदर्भांचा नकाशा मांडून त्यांचं काम किती मूलभूत होतं ते दाखवलं. म्हणजे ज्या मोजणीत माणसं हरवतात, तीच मोजणी कुणी प्रामाणिकपणे वापरली तर सापडतातही. डे यांना गारफील्ड मिळाले. कमलाबाईंच्या दोन याद्या शेजारी ठेवून असं काम करणारं अजून कुणी हवं आहे. एखाद्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रकल्प म्हणून उत्तम.

आणि काही काम तर यादीत येण्यासारखंच नव्हतं. नीरा, म्हणजे ताडा-माडाचा न आंबलेला रस, पहाटे काढून ताजा प्यायचा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी तिच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात ती दिल्यावर फरक पडतो, असं त्यांनी दाखवलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पाला त्यांनी सल्ला दिला. १९६६ साली मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या, १९८२-८३ साली अध्यक्ष होत्या. संस्थेच्या 'कीमत' नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहिलं. भेसळ कशी ओळखावी, हे गृहिणीला समजेल असं सांगितलं. डाळीत काय मिसळलं आहे ते घरी तपासून बघणारी बाई कोणत्या निबंधात संदर्भ देणार?

माझी भाची म्हैसूरलाच पीएच. डी. करते आहे, औषधशास्त्रात. दोन निबंध छापून झालेत, लग्न ठरलं आहे. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, "मामा, तिसऱ्या निबंधावर नाव कोणतं घालू?" मी म्हटलं, तुझ्या आजीला विचारशील तर ती सासरचं सांगेल. तिनं हसून मोबाइल पुढे केला. २०१२ पासून संशोधकांना सोळा आकडी नंबर मिळतो, ओआरसीआयडी म्हणून. नाव काहीही करा, नंबर आयुष्यभर तोच. आमची पलटण शेवटी विद्यापीठात पोहोचली म्हणायची. "मग झालं तर," मी म्हटलं. ती म्हणाली, "नंबर आहे हो मामा, पण मुलाखतीला बसलेले सर कागदावर नाव वाचतात." तिनं माहेरचं नाव कायम ठेवायचं ठरवलं आहे. होणाऱ्या जावईबापूंची हरकत नाही. आजीची थोडी आहे.

कमलाबाईंना हा पर्याय होता की नव्हता, त्यांनी 'सोहोनी' आनंदानं लावलं असेल का, हा प्रश्न मी उकरत नाही. तो त्यांचा होता. प्रश्न यादी ठेवणाऱ्यांचा आहे. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांचा गौरव करायला त्यांना दिल्लीला बोलावलं. त्या समारंभातच त्या कोसळल्या. २८ जून १९९८ रोजी त्यांचं निधन झालं.

शोधायचं असेल त्यांच्यासाठी खुणा देऊन थांबतो. इंग्रजीत 'भागवत के.' लिहा, 'व्ही' घालून, आणि साल १९३६ ते १९५१ ठेवा. मग 'सोहोनी के.' लिहा, 'आय-ई' घालून, आणि १९५० नंतरचं पाहा. शेवटी 'हिल आर.' यांच्या खात्यात जाऊन १९३९चं 'नेचर', खंड १४३ उघडा. दुसरं नाव वाचा.

पुढच्या भागात कुन्नूरचीच गोष्ट, पण बेरीबेरीची. जय हिंद.